गुलमर्गचं स्कीइंग: कुणाचे पैसे कुठे वसूल होतात

गुलमर्गला स्की करायला जायचं ठरलं की आपण विमान, हॉटेल आणि गोंडोलाच्या तिकिटांची बेरीज करायला बसतो. त्याआधी एक हिशोब करावा: रोज प्रत्यक्ष किती तास आपण स्कीवर असणार आणि कोणत्या उतारावर? सहल स्वस्त पडली की महाग, हे त्यावरच ठरतं.

आधी जागा समजून घेऊ. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गावालगत सौम्य उतार आहेत. तिथे ड्रॅग लिफ्ट असते, म्हणजे स्की पायात असतानाच आपल्याला ओढत वर नेणारी फिरती दोरी. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत जातो. २००५ पासूनचा दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर, ३,९०० मीटरच्याही वर पोचवतो.

आपण पहिल्यांदाच स्की करणार असाल, तर वरच्या टप्प्याचं तिकीट स्कीसाठी काढू नका. इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. वरचे उतार तीव्र आहेत आणि तिथला बर्फ यंत्राने सपाट केलेला नसतो. स्की हातात घेऊन गोंडोलानेच परत यावं लागतं. तेच पैसे चांगल्या प्रशिक्षकावर घाला. गुलमर्गच्या सरकारी स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचे वर्गही असतात. त्यांची चौकशी बरीच आधी करा.

मग बूट. भाड्याच्या दुकानात घाई चालते, पण आपण करू नका. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकतात. टाच मात्र जागची हलता कामा नये. मोजे एकच जोडी, जाड दोन नकोत, नाहीतर पाय आवळून गार पडतो. बूट चुकला की तासाभरात पाय ठणकायला लागतात आणि प्रशिक्षकाला दिलेले पैसेही बुडतात. जीन्स घालू नका, ती भिजते.

वळणं जमू लागलेल्या, मधल्या पायरीवरच्या मंडळींना गुलमर्ग सर्वांत कमी देतं, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली फार सोपं, वर फार अवघड. लांब, आखीव, सपाट केलेले उतार थोडेच. अशांनी उत्तराखंडातल्या औलीचा विचार जरूर करावा. मात्र औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये औलीला नेणारा रोपवे बंद करण्यात आला, त्यामुळे रस्त्याने जाण्याचा वेळ हिशोबात धरा.

मुरलेल्या स्कीयरसाठी मात्र अफरवट म्हणजे पर्वणी. एवढ्या उंचीवर गोंडोलाने जाऊन भुसभुशीत, कोरड्या बर्फात उतरणं जगात फार थोड्या ठिकाणी शक्य आहे. पण इथे वाटाड्या हा वरखर्च समजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथेच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर गेले. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारं छोटं यंत्र), फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी हवी, आणि ती वापरायचा सराव हवा.

दिवस किती ठेवायचे? मोठी बर्फवृष्टी झाली किंवा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद राहतो. ज्या बर्फासाठी आपण गेलो, त्यानेच रोपवे अडतो. म्हणून वर स्की करायची असेल तर दोन दिवसांची सहल सर्वांत महाग पडते, आठवडा काढा.

आणि जायचं कधी? काश्मीरचा चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतो. तरी जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बराच काळ उघडंबोडकं होतं. फेब्रुवारी धरा आणि बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

घरातलं कुणी स्की करणार नसेल, तर त्यांना पहिला टप्पा पुरतो. तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा. स्की करणाऱ्यांनी मात्र पर्यटकांचं एका फेरीचं तिकीट घेण्याआधी स्कीच्या पासची चौकशी करावी.