आंब्यावरची आमरी आणि अर्काची बाटली

मागच्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. एका हातात कॅप्सूलची बाटली, दुसऱ्या हातात आंब्याच्या फांदीवरून मुळांसकट ओढून काढलेले रोप. बाटलीवर ‘ऑर्किड अर्क, अँटिऑक्सिडंट’ असे छापलेले. आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांनी दीड महिन्यापूर्वी परस्पर बंद केली होती. बोटांचे सांधे चांगलेच सुजले होते.

“डॉक्टरसाहेब, बाटली महाग पडते. हेच रोप उकळून प्यायलो तर?”

रोप ओळखीचे होते. वांडा टेसेलाटा, आमरीच्या म्हणजे ऑर्किडच्या कुळातले. काही भागांत यालाच रास्ना म्हणतात. पण रास्ना या नावाने उत्तरेत प्लुचिया विकतात, दक्षिणेत कुलिंजन. त्यामुळे ग्रंथातले रास्नेचे गुण या रोपाला सरसकट लावता येत नाहीत.

आता अँटिऑक्सिडंटचे. चिरलेले वांगे हवेवर काळे पडते, म्हणून आपण ते पाण्यात टाकतो. हवेतल्या प्राणवायूचा हा प्रताप. शरीरातही प्राणवायूच्या वापरातून काही उपद्रवी कण तयार होतात. त्यांना आवरणारे ते अँटिऑक्सिडंट. वांडाच्या अर्कात हा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे, हे खरे. परंतु तो पाहतात कसा? डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनात अर्क घालतात. जांभळा रंग जाऊन पिवळा झाला की अर्क गुणकारी! हा रंग चहाही घालवतो आणि आवळाही. काचेच्या नळीला ना आतडी, ना यकृत. पोटात गेलेला अर्क रक्तात किती उतरतो, यकृत त्याचे काय करते, सांध्यापर्यंत काय पोहोचते, हे त्या रंगावरून कळत नाही.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना बीटा कॅरोटीन हे नावाजलेले अँटिऑक्सिडंट रोज दिले. १९९४ साली निष्कर्ष आला: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त! नळीतला गुण माणसात उलटू शकतो, तो असा.

गुरुजींना मी स्पष्टच सांगितले. आमवातात एकदा झिजलेला सांधा गोळी पुन्हा सुरू केली तरी पूर्ववत होत नाही. मेथोट्रेक्सेट घेताना यकृताची तपासणी करत राहावी लागते. त्यात अनोळखी काढ्याची भर नको. रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू केली. बाटली त्यांनी पिशवीत टाकली, जरा नाराजीनेच.

रोप मात्र मी मागून घेतले. आमरीचे बी धुळीसारखे बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच रुजते, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षे. दवाखान्यामागच्या आंब्याला ते काथ्याने बांधले आहे. दोन मुळांची टोके अजून हिरवी आहेत.