घासणारे सूर तसेच राहू द्या

बल्गेरियन लोकगीत कोरस आणि वाद्यवृंदासाठी बांधायला घेतलं की मी आधी पियानो बंद करतो. सोफियाभोवतालच्या शोप भागात बायका दोन सुरांत गातात. एकीची चाल फिरत राहते, बाकीच्यांचा आधारस्वर हलत नाही. मग सा आणि रे एकदमच लागतात, एकमेकांना घासतात. गाणाऱ्यांना त्यातच गोडी वाटते. संयोजकाचा हात मात्र तिथे गुळगुळीत कॉर्ड बसवायला शिवशिवतो, आणि गाण्याचा जीव जातो.

बल्गेरियन संगीतकार फिलिप कुतेव यांनी १९५१ साली सरकारी लोकगीत-नृत्य संच उभारला, तेव्हा गावोगावच्या गायिका घेतल्या, त्यांचा मोकळा आवाज राखला आणि त्याभोवती जास्तीचे सूर रचले. मीही तेच धरून चालतो: गाइदा या मशकवाद्याचा अखंड खर्ज सेलोंकडे, कावाल या लोकबासरीची फिरत वाद्यवृंदातल्या बासरीकडे, ब्रास शेवटच्या कडव्यापर्यंत गप्प.

खरी कसोटी लयीची. राचेनित्सा नाच सात मात्रांचा, विभागणी २+२+३. आपला रूपक तालही सातच मात्रांचा, पण ३+२+२. सरावलेले वादकही शेवटच्या तीन मात्रा ओढून चार करतात. म्हणून तालमीत मी आधी वाद्यं खाली ठेवायला लावतो आणि सगळ्यांकडून टाळ्या वाजवत चाल म्हणून घेतो. पाय ठेका धरू लागले की मगच गज उचलायचा.