छायाचित्रण, लेण्यांतील

डोंगराच्या कातळात कोरलेल्या विहारांची, चैत्यगृहांची व मंदिरांची, तसेच त्यांतील शिल्पे व भित्तिचित्रे यांची छायाचित्रे घेण्याचे तंत्र. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहरापासून सु. ३० किमी.वरील वेरूळ व सु. १०० किमी.वरील अजिंठा ही या छायाचित्रणाची भारतातील प्रमुख क्षेत्रे असून दोन्हींचा समावेश १९८३ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत करण्यात आला. उघड्यावरील प्रखर ऊन व गाभाऱ्यातील गडद अंधार ही दोन टोके येथे काही पावलांच्या अंतरावर असतात. त्यामुळे कॅमेऱ्याची मूलतत्त्वे शिकू पाहणाऱ्या नवशिक्यास इतकी कसोटी पाहणारी, आणि म्हणूनच इतकी चांगली, शाळा क्वचितच मिळेल. लेण्यांच्या अंतर्भागात स्फुरदीप म्हणजे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे व तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणून उपलब्ध मंद प्रकाशात, हातात कॅमेरा धरून चित्र कसे घ्यावे, हा येथील मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर महागड्या साधनांत नसून भिंगाची योग्य निवड व तीन-चार सोप्या नियमांचे ज्ञान यांत आहे.

इतिहास : अजिंठ्याच्या चित्रांची नोंद ठेवण्याचा पहिला मोठा प्रयत्न कुंचल्याने झाला. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल (१८०४–७९) यांनी १८४४ नंतर अनेक वर्षे अजिंठ्यास राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगातील मोठ्या प्रतिकृती तयार केल्या. लंडनजवळील सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या असता १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. एकाच कामाचा असा दोनदा नाश झाल्याने छायाचित्राचे एक वैशिष्ट्य ठळकपणे लक्षात येते : त्याच्या हव्या तितक्या प्रती निघू शकतात व त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात. गिल यांनी स्वतः कॅमेराही हाताळला होता. त्यांनी घेतलेली लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील पुष्कळशी द्विनेत्री, म्हणजे दोन शेजारशेजारच्या चित्रांतून खोलीचा भास निर्माण करणारी आहेत. त्या काळच्या काचपट्टीची संवेदनक्षमता अत्यल्प असल्याने दर्शनी भाग व स्तंभ चांगले उमटत. आतील रंगीत चित्रे मात्र आवाक्याबाहेरच राहिली.

हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांच्या आधारे केलेला अजिंठाविषयक ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. रंगीत व एकरंगी मुद्रणांचा हा संच आजही प्रमाण मानला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे टाळून, अतिमंद प्रकाशात दीर्घकाळ झडप उघडी ठेवून ही चित्रे टिपली. त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये निघाला. या छायाचित्रांमुळे काळोखात दडलेले रंग सर्वसामान्य वाचकास प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले.

भिंगाची निवड : भिंगाचे दोन गुण प्रथम पाहावे लागतात. पहिला केंद्रांतर. ते मिमी.मध्ये सांगतात व त्यावरून दृश्याचा किती भाग चित्रात मावेल हे ठरते. दुसरा एफ-अंक, म्हणजे केंद्रांतर भागिले छिद्राचा व्यास. हा अंक जितका लहान तितके छिद्र मोठे. १·४, २, २·८, ४, ५·६, ८, ११, १६ या मालिकेत प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. अंक दुप्पट न होता सु. १·४ पट का वाढतो, असा प्रश्न नवशिक्यास हमखास पडतो. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो व क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे त्याचे कारण.

प्रारंभिक कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८–५५ मिमी.चे झूम भिंग मिळते. त्याचा कमाल छिद्रांक १८ मिमी.ला एफ/३·५ व ५५ मिमी.ला एफ/५·६ असतो. या भिंगास नावे ठेवण्याची प्रथा पडली असली, तरी ती सर्वस्वी योग्य नाही. विहाराचा संपूर्ण मंडप, स्तंभांची रांग किंवा वेरूळच्या कैलास लेण्याचे (क्र. १६) सु. ८४ मी. लांब व ४७ मी. रुंद प्रांगण यांसाठी १८ मिमी. हेच केंद्रांतर हवे असते आणि स्थिरीकरणाची सोय असेल, तर अंधारातही ते पुष्कळ काम देते. अडचण येते ती भित्तिचित्रांतील तपशील टिपताना, कारण तेथे दृश्य जवळ ओढण्यासाठी ५५ मिमी.कडे जावे लागते व नेमके तेथेच छिद्र सर्वांत लहान होते.

अशा वेळी ५० मिमी., एफ/१·८ हे स्थिर केंद्रांतराचे भिंग उपयोगी पडते. ते स्वस्त असण्यामागे प्रकाशकीय कारण आहे. मध्यभागी छिद्र व त्याच्या दोन्ही अंगांस जवळजवळ सममित अशी भिंगांची रचना असल्यास अनेक विपथन-दोष परस्परांना छेद देतात. पाउल रूडोल्फ यांनी १८९६ मध्ये त्साइस कंपनीसाठी योजिलेली ‘प्लॅनार’ ही या कुळातील प्रसिद्ध रचना होय. पुढच्या ५० मिमी. भिंगांपैकी बहुसंख्य याच कुळातील असून सहा-सात साध्या काचांत काम भागते. याउलट, आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग व संवेदक यांच्यामध्ये आरशासाठी जागा सोडावी लागत असल्याने रुंद कोनाची भिंगे उलट्या दूरदर्शकासारख्या गुंतागुंतीच्या रचनेने बनवावी लागतात, म्हणून ती महाग पडतात.

तथापि बहुतेक प्रारंभिक कॅमेऱ्यांतील संवेदक ३६ × २४ मिमी.चा नसून सु. २३·५ × १५·६ मिमी.चा असतो. अशा कॅमेऱ्यावर ५० मिमी. भिंगाचा कर्णकोन सु. ४७° वरून सु. ३२° वर येतो. अजिंठ्यात कठड्याबाहेर उभे राहून सु. ३ मी. अंतरावरून भिंतीचा १·४ × ०·९ मी. एवढाच भाग ५० मिमी.ने चित्रात येईल, तर ३५ मिमी.ने सु. २ × १·३ मी. भाग मावेल. लेणे क्र. १ मधील पद्मपाणीचा केवळ मुखभाग हवा असेल तर पहिले भिंग, आणि सभोवतालच्या आकृतींसह तो हवा असेल तर दुसरे. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यासाठी एकच भिंग घ्यावयाचे झाल्यास प्रस्तुत लेखकाच्या मते ३५ मिमी., एफ/१·८ हे अधिक उपयुक्त. केवळ थोडे स्वस्त म्हणून ५० मिमी. घेणारा पुढे मागे सरकण्यास जागा नाही म्हणून हळहळतो.

खरेदीपूर्वी भिंग व कॅमेरा यांची सुसंगतता पाहणे आवश्यक असते. उदा., निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ जातीच्या भिंगांत मोटर नसते व त्या कंपनीच्या अनेक प्रारंभिक कॅमेऱ्यांतही ती नसते. अशी जोडी जमविल्यास केंद्रीकरण हातानेच करावे लागते.

उद्भासन : संवेदकावर पडणाऱ्या एकूण प्रकाशास उद्भासन म्हणतात. छिद्र व झडप उघडी राहण्याचा काळ यांवर ते ठरते. मिळालेल्या प्रकाशाचे चित्र किती उजळ करावयाचे हे आयएसओ या संवेदनांकाने ठरते. तो दुप्पट केला की निम्म्या प्रकाशात तेवढेच उजळ चित्र मिळते, परंतु चित्रात रवाळपणा वाढतो.

समजा, भिंतीवर १० लक्स इतका मंद प्रकाश आहे. आयएसओ ३२०० ठेवून ५५ मिमी., एफ/५·६ वर झडप सु. १/४ सेकंद उघडी ठेवावी लागेल. एफ/१·८ चे छिद्र असल्यास १/४० सेकंद पुरेल. म्हणजे जवळजवळ दसपट फरक. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे चित्र हलू नये यासाठी झडपेचा काळ ‘एक भागिले केंद्रांतर’ यापेक्षा जास्त नसावा, असा जुना ठोकताळा आहे. लहान संवेदकासाठी केंद्रांतर दीडपट धरावे. त्यानुसार ३५ मिमी.साठी सु. १/५० व ५० मिमी.साठी १/७५ सेकंद हवेत. आयएसओ ६४०० केल्यास एफ/१·८ वर १/८० सेकंद मिळतात व दोन्ही भिंगे नियमात बसतात. रवाळ चित्र नंतर काही अंशी सुधारता येते. हललेले चित्र सुधारत नाही. म्हणून नवशिक्यांनी वाढत्या आयएसओला भिऊ नये. स्तंभाला अगर कठड्याला न टेकता दोन्ही कोपर छातीशी घट्ट धरून, श्वास सोडून झालेल्या क्षणी, लागोपाठ तीन-चार चित्रे घेतल्यास त्यांतील एखादे बहुधा स्थिर निघते.

मोठ्या छिद्राची किंमत सुस्पष्टतेच्या पल्ल्यात मोजावी लागते. ५० मिमी. भिंग ३ मी. अंतरावर रोखले असता एफ/१·८ ला सु. २६ सेंमी. जाडीचा पट्टाच सुस्पष्ट येतो. एफ/८ ला तो सु. १·२ मी. होतो. भित्तिचित्र सपाट असल्याने कॅमेरा भिंतीला समांतर धरल्यास २६ सेंमी. भरपूर झाले. तिरपा धरल्यास चित्राची एक बाजू मात्र पुसट येते. कोनाड्यातील उठावाच्या शिल्पासाठी छिद्र लहान करणे भाग असते.

स्फुरदीपावरील बंदीचा अनेकांना राग येतो. क्षणिक झोताने रंग तत्काळ उडतो असे नाही. पण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते व रोजची गर्दी मोठी असते. शिवाय बंदी नसती, तरी कॅमेऱ्यातील छोट्या दिव्याचा येथे उपयोग थोडाच. १२ मी. मार्गदर्शकांकाचा दिवा आयएसओ १०० व एफ/५·६ ला जेमतेम २ मी. पोहोचतो, तर लेणे क्र. १ चा मंडप सु. २० मी. रुंद आहे. समोरून पडणाऱ्या झोताने शिल्पाच्या छाया नाहीशा होऊन उठाव मारला जातो, ही हानी वेगळीच.

प्रकाशमापन व रंग : कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे बीबी का मकबऱ्याच्या शुभ्र घुमटाचे चित्र मळकट येते व कैलासचा काळा बेसाल्ट फिकट, धुरकट दिसतो. पहिल्या ठिकाणी उद्भासन सु. एक पायरी वाढवावे व दुसऱ्या ठिकाणी तेवढेच कमी करावे. नवशिक्याला हे उलटे वाटते, पण एकाच दिवशी दोन्ही स्थळी प्रयोग केल्यास ते कायमचे ध्यानात राहते. भर उन्हात एफ/१६ ला झडपेचा काळ ‘एक भागिले आयएसओ’ ठेवावा, हा नियम मापकाविनाही चालतो. आयएसओ १०० ला १/१०० सेकंद, किंवा तेवढ्याच प्रकाशासाठी एफ/८ ला १/४०० सेकंद. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने त्यांच्या दर्शनी भागावर दुपारनंतर ऊन येते. सकाळी पोहोचलेल्यांना तो सावलीत दिसतो.

रंगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९२० नंतरच्या दोन वर्षांत निजाम सरकारने बोलाविलेल्या लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ञांनी सुटणारे गिलाव्याचे पापुद्रे पक्के केले व चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. पापुद्रे वाचले, पण रोगण पुढे पिवळे पडले. ते काढण्याचे सावकाश काम नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांनी हाती घेतले. परिणामी कोणत्या वर्षीच्या छायाचित्रात पिवळेपणा किती, हा आता अभ्यासाचा विषय आहे. कॅमेऱ्याची स्वयंचलित श्वेतसंतुलनाची सोय हा पिवळेपणा दिव्याचा समजून पुसून टाकते आणि शेजारच्या चित्रात वेगळाच रंग दाखविते. यासाठी श्वेतसंतुलन एका ठरावीक स्थितीत ठेवावे, आरंभी त्याच प्रकाशात करड्या पुठ्ठ्याचे एक चित्र घ्यावे व संवेदकाची मूळ, म्हणजे ‘रॉ’ नोंद जपावी. प्रवेशद्वारातून येणारा दिवसाचा प्रकाश व आतील दिवे यांची सरमिसळ असेल तेथे मात्र कोणतेही एक संतुलन पूर्णपणे बरोबर ठरत नाही.

जुनी भिंगे : वापरलेले भिंग घेणे हा काटकसरीचा चांगला मार्ग आहे. विजेरीच्या प्रकाशात दोन्ही बाजूंनी आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी. ती काचेवरील विलेपन खाते. कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या भिंगांत हा दोष मराठवाड्यातील भिंगांपेक्षा जास्त आढळतो. धुळीचे चार कण मात्र चित्रावर परिणाम करीत नाहीत. छिद्राची पाती तेलकट नसावीत व कडी फिरविताच ती चटकन मिटावीत. बेचाळीस मिमी. आट्यांची जुनी भिंगे जोडकड्याच्या साहाय्याने आरशाविना चालणाऱ्या सर्व कॅमेऱ्यांवर बसतात. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत मात्र संवेदकापर्यंतचे अंतर ४६·५ मिमी., म्हणजे या भिंगांना हव्या असलेल्या ४५·४६ मिमी.पेक्षा अधिक असल्याने दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही. ते साधण्यासाठी कड्यात जादा काच बसविली, तर चित्राचा दर्जा घसरतो. पावसाळ्यात वाघोरा नदीच्या दरीतून परतल्यावर भिंग लगेच पिशवीत बंद करू नये. ते कोरड्या खोलीत काही वेळ उघडे ठेवून मग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे. पुड्यांतील मण्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरता येतात.