पिवळ्या रेघेची गोष्ट

आमटी उतू गेली की आपण घाईघाईने गॅस बारीक करतो आणि स्वतःवरच चिडतो. पुढच्या वेळी चिडण्याआधी क्षणभर ज्योतीकडे बघा. निळी ज्योत एकदम पिवळीजर्द झालेली दिसेल. आमटीत मीठ असतं, मिठात सोडियम असतं आणि सोडियम तापलं की असा पिवळा उजेड देतं. प्रत्येक मूलद्रव्याची अशी आपली खास खूण असते. तापलेल्या वायूचा उजेड लोलकातून नेला की त्याच्या वेगवेगळ्या रंगीत रेघा दिसतात. डोळे मिटून नुसत्या वासावरून ही कुणाच्या घरची चटणी ते आपण ओळखतो ना, तसंच शास्त्रज्ञ या रेघांवरून द्रव्य ओळखतात. मग ते द्रव्य चुलीवर असो नाहीतर सूर्यावर!

या पिवळ्या रेघेची आठवण निघायला निमित्त झालं शेजारच्या आठवीतल्या मुलीचं. माझं बी.एस्सी. फिजिक्सचं. संसारात प्रयोगशाळा सुटली, पण विज्ञानाच्या गोष्टी वाचायची खोड काही सुटली नाही. जयंत नारळीकर (जन्म कोल्हापूरचाच, १९३८चा) यांचं ‘आकाशाशी जडले नाते’ तर माझ्या उशाशीच असतं. पन्हाळ्यावर पावसाळ्यात चार-चार दिवस धुकं हटत नाही, तेव्हा पुस्तकांशिवाय आधार कुणाचा? तर गल्लीतल्या पोरांचा विज्ञानाचा अभ्यास माझ्याकडे येतो. ती आली आणि म्हणाली, “काकू, हेलियम दिनाचं भाषण हाय. जरा बघा की.”

पहिलंच वाक्य होतं, “१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला.”

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. विजयदुर्गला सहलीला गेलं की ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात, दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट मोठी अभिमानाची. पण मुलीला म्हटलं, बस जरा, आपण तारखा लावून बघू.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, हे खरं. श्रावणातली पिठोरी अमावास्या. सकाळच्या वेळी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणला समुद्रात उतरली. म्हणजे आपला पन्हाळाही त्या सकाळी काही मिनिटं अंधारात बुडाला होता! पटवर्धनांच्या जमखंडीत दुर्बीण लावून कोण बसलं होतं माहीत आहे? लेफ्टनंट जॉन हर्शेल. आठ धूमकेतू शोधणाऱ्या कॅरोलिन हर्शेलच्या भावाचा नातू. ढगांनी त्याला छळलं, तरी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमधल्या चकाकत्या रेघा त्याने टिपल्याच. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. त्यांना त्या रेघा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना भर उन्हातही त्यांनी त्या पुन्हा शोधून काढल्या. ज्वाळांमध्ये एक पिवळी रेघही होती. बऱ्याच जणांना वाटलं, ही आपली नेहमीची सोडियमची.

आणि लॉकियर? ते तेव्हा इंग्लंडातच होते! युद्धखात्यात कारकून होते ते. दिवसा कचेरी आणि उरल्या वेळात आकाश. सूर्य बघायचं यंत्र त्यांनी कधीचं करायला टाकलं होतं, पण कारागिराने वेळेवर दिलं तर ना! ब्लाउज शिवायला टाकलेल्या कुणाही बाईला हे दुःख सांगावं लागणार नाही. अखेर ऑक्टोबरात यंत्र हाती आलं आणि २० ऑक्टोबर १८६८ ला लॉकियरना ग्रहणाशिवायच त्या रेघा दिसल्या. पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर बसत नव्हती, किंचित बाजूला होती. पृथ्वीवर तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच द्रव्याशी ती जुळेना. मग हे सूर्यावरचं नवंच द्रव्य म्हणून ग्रीक भाषेतल्या सूर्यावरून त्याचं नाव पडलं हेलियम. जान्सेन आणि लॉकियर यांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे दोघांचे चेहरे असलेलं एक पदकही निघालं. पृथ्वीवर हेलियम सापडायला मात्र १८९५ साल उजाडलं. विल्यम रॅमसे यांना ते एका खनिजात मिळालं.

“मग विजयदुर्गचे कट्टे खोटे व्हय काकू?” तिचा चेहरा पडला.

खोटे कशाला? २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण आलं. तेव्हा नामवंत झालेले सर नॉर्मन लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आले होते. ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी किल्ल्यात यंत्रं मांडली होती. साहेब आले, पण शोधानंतर तीस वर्षांनी. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणं एकमेकांत मिसळून गेली असणार.

आता खरा पेच पुढेच होता. शाळेतून मिळालेल्या कागदावर जुनंच वाक्य. आई म्हणाली, “बाई सांगतील तेच बोल, उगाच नंबर जाईल.” तिचंही काय चुकलं? आपल्यालाही लहानपणापासून हेच शिकवलं ना, मोठ्यांनी सांगितलं की मान डोलवायची. मी मुलीला एवढंच म्हटलं, “तारखा तुझ्यासमोर आहेत, तूच ठरव.” तिने दोन्ही ग्रहणं सांगितली. नंबर आला नाही. पण परीक्षकांनी तिला थांबवून विचारलं, “हे कुठं वाचलंस?” नंबरापेक्षा तिला याचंच अप्रूप जास्त वाटलं.

त्या १८९८ च्या ग्रहणात मला सगळ्यात जास्त भावते ती अॅनी माउंडर. जन्म आयर्लंडमधला, आणि सालही १८६८च! केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली, परीक्षा मानाने पास झाली, पण बाई म्हणून पदवी मिळाली नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर आकडेमोड करायला लागली. १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर माउंडरशी लग्न केलं आणि नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. लग्न झालं की संपलं! पण तिचं संपलं नाही. १८९८ मध्ये ती नवऱ्याबरोबर आपल्या वऱ्हाडात, तळणी या गावी आली. स्वतःचा कॅमेरा घेऊन. सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब, सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट पसरलेला झोत तिच्या फोटोत आला. इतका लांब झोत तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता. लंडनच्या ज्या खगोल संस्थेने १८९२ मध्ये तिला सभासद करून घेतलं नव्हतं, त्याच संस्थेला १९१६ मध्ये बायकांसाठी दार उघडावं लागलं.

सात समुद्र ओलांडून एक बाई ग्रहण बघायला आपल्या मुलखात येते, आणि आपण? १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण मला आठवतं. दारं-खिडक्या बंद, पाण्यात तुळशीपत्रं. शेजारची गर्भार वहिनी अंधाऱ्या खोलीत हलायचं नाही म्हणून आखडून बसलेली. भाजी चिरू नकोस, सुई धरू नकोस. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली, ती पोटातल्या बाळाला काही करत नाही. उपाशी, तहानलेलं बसवल्याने मात्र त्या बाईला त्रास होतो. जपायचे असतात ते डोळे, आणि ते सगळ्यांनीच. नुसत्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्याकडे बघायचं नाही. ग्रहणासाठीचा प्रमाणित चष्माच हवा. तो नसेल तर सूर्याकडे पाठ करा आणि पिठाची नको, मोठ्या भोकांची चाळणी उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकाखाली एकेक कोरलेला सूर्य दिसेल. २६ डिसेंबर २०१९ ला आमच्या गल्लीतल्या बायकांनी असंच ग्रहण पाहिलं. सासूबाई आधी दारातूनच बघत होत्या, नंतर चाळणी त्यांच्याच हातात होती.

आता २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी आषाढी अमावास्या, आपली दिव्यांची अवस! सकाळी घरातले दिवे घासूनपुसून पुजायचे आणि दुपारी लेकी-सुनांना घेऊन अंगणात यायचं. पन्हाळ्यावर ऑगस्टात सूर्य दिसेलच याचा भरवसा नाही म्हणा. पण ग्रहणाच्या दिवशी घरात बसायला ढग एवढं एकच कारण मला मान्य आहे.