घरी ऑक्सिजन आणताना

"आता घरी ऑक्सिजन लावावा लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरातल्या बाईच्या पोटात गोळाच येतो. महिला मंडळाच्या कामानिमित्त निगडी-प्राधिकरणातल्या अशा घरांत माझं जाणं-येणं असतं. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, सिलिंडर घेऊ की मशीन?"

२०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मिळेल ते घ्यावं लागलं. आता निवड करता येते. मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडून दोन आकडे लिहून घ्या : मिनिटाला किती लिटर आणि दिवसातून किती तास.

सिलिंडरला वीज लागत नाही, पण तो संपतो. लहान सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लावला तर जेमतेम १२ तास पुरतो. ७,००० लिटरचा जम्बोही अडीच दिवसांच्या आतच रिकामा. मग पुन्हा फोन, टेम्पो आणि जिन्यावरून चढवणं!

फुप्फुसाच्या जुनाट आजारात अनेकांना रोज किमान १५ तास ऑक्सिजन लागतो. तिथे कॉन्सन्ट्रेटर सोयीचा. तो खोलीतल्याच हवेतला नायट्रोजन वेगळा करून ९० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतो. भरून आणायची कटकट नाही. मात्र लाइट गेली की मशीन बंद! म्हणून जोडीला एक भरलेला लहान सिलिंडर हवाच. इन्व्हर्टरवर मशीन चालेल का, हे इलेक्ट्रिशियनला आधीच विचारा. बॅटरीवरची छोटी मशीन्स प्रवासाला बरी, पण त्यातली बरीचशी श्वास घेतला तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडतात. झोपेत ती चालतील का, हे डॉक्टरांनीच सांगावं. गरज थोड्या दिवसांची असेल तर मशीन भाड्यानेही मिळतं.

काही पथ्यं पाळायलाच हवीत. देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी-सिगारेट यांपासून ऑक्सिजन लांब ठेवा. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेलाचा हात लावू नका. मशीनचा फिल्टर वेळच्या वेळी धुवा. आणि धाप लागली म्हणून आपल्या मनाने लिटर वाढवू नका. काही रुग्णांच्या शरीरात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते, जिवावरही बेतू शकतं.

सिलिंडर बदलणं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने शिकून घ्यावं. रात्री दोन वाजता लाइट गेली, तर सगळा भार एकट्या सुनेवर नको.