६० संगणक, एकच वही

अमरावती म्हणा, अकोला म्हणा, आपल्याकडच्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाची लॅब डोळ्यांसमोर आणा. समजा, ६० संगणक आहेत आणि सगळ्यांवर पायथन आहे. तरी प्रात्यक्षिक परीक्षेत एकाचा प्रोग्रॅम चालतो आणि शेजारी तोच प्रोग्रॅम अडतो. विद्यार्थ्याची चूक काहीच नसते, पण मार्क त्याचे जातात. कारण दोन यंत्रांवरच्या आवृत्त्या वेगळ्या. मूर्तिजापूरला ब्रॉडगेज आहे आणि शकुंतलेची नॅरोगेजही होती. दोन्ही रूळच, पण एकीचं माप १६७६ मिलिमीटर, दुसरीचं ७६२. नुसते रूळ असून भागत नाही, माप जुळावं लागतं.

संगणकाचं हे माप मुख्यतः दोन गोष्टींनी ठरतं: त्यावर कोणती पॅकेजेस आहेत आणि त्यांच्या कॉन्फिगरेशन फाइल्समध्ये काय लिहिलं आहे. बहुतेक ठिकाणी ही माहिती लॅब सांभाळणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात असते. त्याची बदली झाली की माहितीचीही बदली होते!

यावर पहिला उपाय सुचतो तो स्क्रिप्टचा. सगळ्या आज्ञा एका फाइलीत लिहायच्या आणि प्रत्येक यंत्रावर चालवायच्या. पण समजा विसाव्या यंत्रावर लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून चालवलं, तर आधीच्या १९ यंत्रांवर तीच ओळ फाइलीत दुसऱ्यांदा जोडली जाते. घरी आपण 'टाकीत दोन बादल्या ओत' असं सांगितलं, तर भरलेली टाकीही वाहते. 'टाकी भरलेली पाहिजे' असं सांगितलं, तर माणूस आधी झाकण उघडून बघतो. आजच्या विषयाचं मर्म एवढंच आहे: कृती सांगू नका, स्थिती सांगा. मग कितीही वेळा चालवा, निकाल तोच. या गुणाला 'आयडेम्पोटंट' म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन सुरू केलं. पुढे २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ आणि २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल आलं. लहान लॅबसाठी आम्ही अ‍ॅन्सिबल सुचवू, कारण लिनक्स यंत्रांवर वेगळा एजंट बसवावा लागत नाही. एसएसएच आणि पायथन पुरतं. एका फाइलीत यंत्रांची यादी, दुसरीत 'प्लेबुक': हे पॅकेज हवं, ही फाइल अशी हवी. 'चेक' पर्याय दिला तर काहीही न बदलता काय बदलेल तेवढं दिसतं. आधी तेच बघावं.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, प्लेबुकमधून ओळ काढली म्हणून पॅकेज निघत नाही. 'हे नको' असं स्पष्ट लिहावं लागतं. दोन, 'शेल' मॉड्यूलमध्ये साध्या आज्ञा लिहिल्या, तर पुन्हा बादल्याच ओतल्यासारखं होतं. तीन, पासवर्ड उघडे लिहू नका. त्यासाठी अ‍ॅन्सिबल व्हॉल्ट आहे.

इंटरनेट सावकाश असेल तर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी लावा. पॅकेज एकदाच बाहेरून येतं, बाकीच्या यंत्रांना ते लॅबमधूनच मिळतं.

याहून कडक शिस्त हवी असेल तर निक्स आहे. एल्को डोल्स्ट्रा यांचा त्यावरचा प्रबंध २००६ चा. त्यात प्रत्येक पॅकेज स्वतःच्या स्वतंत्र जागी राहतं. त्यामुळे एकाच यंत्रावर दोन आवृत्त्या सुखाने नांदतात आणि बिघडलं तर मागच्या स्थितीवर परतता येतं. शिकायला मात्र वेळ लागतो.

आणि तुमचे स्वतःचे दोनच संगणक असतील, एक घरी नि एक कॉलेजात? मग एवढा पसारा नको. सेटिंगच्या फाइल्स गिटमध्ये ठेवा. स्टो हे साधन त्यांचे दुवे योग्य जागी जोडून देतं. प्रत्येक यंत्रावर थोडा फरक हवा असेल तर शेम्वा वापरा.

सुरुवात एका यंत्रापासून करा. त्यावर काय काय आहे ते लिहा, गिटमध्ये ठेवा आणि कोऱ्या यंत्रावर चालवून बघा. जे अडेल, ते लिहायचं राहून गेलेलं आहे, असं समजा. ते वहीत आलं की उद्या लॅबमध्ये येणाऱ्या नव्या माणसाला कोणाला फोन करावा लागणार नाही.