मातीचा घोडेस्वार

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रात घरोघरी मातीचे किल्ले उभे राहतात. अहिल्यानगरच्या सावेडी भागातही मुले चिखलात हात घालून बसतात. तट व बुरूज होतात, अळीव उगवते, आणि मग बाजारातून मावळे व घोडेस्वार येतात. पुष्कळदा हे स्वार एकाच साच्यातून निघालेले व एकाच रंगात बुडविलेले असतात. ज्याला चित्रकलेची आवड आहे, त्याने कोरे स्वार आणून स्वतः रंगवावेत. हा छंद दिसतो तितका पोरकट नाही.

कुंचला हाती घेताच प्रश्न पडतो, स्वाराचा अंगरखा कोणत्या रंगाचा? जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे १८ व्या शतकात कथलाचे चपटे शिपाई बनत. त्यांच्या पलटणींना गणवेश असल्यामुळे रंग ठरलेलेच असत. मराठी घोडदळाचे तसे नव्हते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार मात्र घोडा व हत्यारे स्वतःची आणी. म्हणून सगळे स्वार एकरंगी करणे म्हणजे इतिहास खोटा सांगणे होय.

घोडेही नाना रंगांचे असत. कुमैत घोडा तांबूस, त्याची आयाळ व शेपटी काळी. अबलखाच्या अंगावर दोन रंगांचे पट्टे. पंचकल्याणीचे चारही पाय व तोंड पांढरे.

मूर्ती पुरती वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा. मग आधी घोडा, नंतर खोगीर, नंतर स्वार, आणि डोळे अगदी शेवटी. पोस्टर रंग पाण्याने पुन्हा विरघळतो. तेव्हा कुंचला एकाच जागी घासू नये. खळग्यात गडद व उंचवट्यावर फिका रंग दिल्यास बोटभर स्वारही जिवंत वाटतो.

अहिल्यानगरजवळच भातवडी येथे १६२४ साली मलिक अंबराने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथे धारातीर्थी पडले. अंबराने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल माजविला होता. ही लढाई मांडणाऱ्याने शत्रूच्या घोड्यांचे पाय गुडघ्यापर्यंत मातकट करावेत.

शिवाजी महाराजांच्या पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे. शिवाय तेवढ्या घोड्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. ही दोन माणसे बाजारात सहसा मिळत नाहीत. ती घरीच मातीची करून, किल्ल्याच्या पायथ्याशी, घोड्यांजवळ बसवावीत.